स्टाफ नर्सपासून इन्चार्जपर्यंत: नर्सिंगमध्ये पुढे जाण्याची तयारी

नोकरीला पाच-सहा वर्षं झाली की स्टाफ नर्सच्या मनात प्रश्न घोळायला लागतो: आता पुढे काय? सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी पदं ठरलेली आहेत, पण बढती सेवाज्येष्ठतेवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असते. खासगीत टीम लीडर, इन्चार्ज, सुपरवायझर, नर्सिंग सुपरिंटेंडंट इथपर्यंत लवकर पोचता येतं, पण कोणाला वर घ्यायचं याचे नियम सहसा कुठे लिहिलेले नसतात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. जिच्या कामाची नोंद आहे, जिच्याकडे आकडे आहेत आणि राऊंडला जिचं बोलणं ऐकलं जातं, तिचं नाव आधी निघतं. ब्रदर्सचंही तेच.

आपलं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. बेडसोर होत नाही, रुग्ण पडत नाही, चुकीचं इंजेक्शन जात नाही. जे घडलंच नाही ते कोणाला दिसणार? म्हणून लिहिणं आणि मोजणं ही सवय पद मिळण्याच्या कितीतरी आधी लागायला हवी. नेतृत्वाची खरी तयारी तीच, असं माझं ठाम मत आहे. खालच्या पायऱ्या मी त्याच विचाराने लावल्या आहेत.

आधी कागद नीट करा

कंटाळवाणं वाटेल, पण सुरुवात इथूनच करा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीची सूचना लावून टाका. नूतनीकरणासाठी सीएनईचे, म्हणजे सततच्या शिक्षणाचे तास लागतात. भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत १५० तासांचा निकष मांडलेला आहे. आपल्या राज्य परिषदेचा चालू नियम तिच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. मुदत संपायच्या महिन्यात जी वर्कशॉप मिळतील ती करत धावण्यापेक्षा वर्षाला तीस तास धरून चला. पोस्ट बेसिक किंवा एम.एस्सी. झाली असेल तर ती अतिरिक्त पात्रता म्हणून परिषदेकडे नोंदवायला विसरू नका. पदवी कपाटात आणि नोंदणीवर अजून जीएनएम हा डिप्लोमाच, अशा कितीतरी जणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी धावपळ करताना दिसतात.

एक फाइल करा. नेमणुकीचा आदेश, प्रत्येक ठिकाणचं अनुभव प्रमाणपत्र, बीएलएस-एसीएलएस या जीवरक्षक प्रशिक्षणांची कार्डं, सीएनईची प्रमाणपत्रं, लसीकरणाची नोंद. अनुभव प्रमाणपत्रावर नुसतं ‘स्टाफ नर्स’ असं लिहून घेऊ नका. वॉर्ड कोणता, खाटा किती, कोणत्या काळात काम केलं, हे लिहून मागा. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असलेल्या रुग्णालयात प्रत्येक नर्सची पात्रता तपासून तिला कोणती कामं स्वतंत्रपणे करायची मुभा आहे ते ठरवावं लागतं, आणि परदेशातल्या नोकरीसाठीही हाच तपशील विचारतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आरोग्य व्यावसायिक नोंदवहीत नर्सेसनाही नाव नोंदवता येतं. तेही करून ठेवा.

कायदाही बदलतोय. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला. शिक्षण, संस्थांचं मूल्यांकन, आणि नीतिनियम व नोंदणी अशी तीन वेगवेगळी मंडळं त्यात आहेत, आणि देशभराची एक नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या नावाची, जन्मतारखेची आणि नोंदणी क्रमांकाची प्रत्येक कागदावर सारखीच नोंद असणं यामुळे आणखी गरजेचं झालंय. लग्नानंतर नाव बदललं असेल तर सगळीकडे एकदाच काय ते दुरुस्त करून घ्या.

दिशा ठरवा, पण घाईने नको

चार वाटा आहेत: रुग्णाजवळ राहून एखाद्या विषयात तज्ज्ञ होणं, प्रशासन, शिकवणं आणि समाजात जाऊन काम करणं. बऱ्याच जणींना प्रशासन हीच बढती वाटते. मला तसं वाटत नाही. ज्यांचा हात रुग्णावर चालतो त्यांना टेबलामागे बसवून आपण चांगल्या नर्सेस गमावतो.

तज्ज्ञ व्हायचं असेल तर पोस्ट बेसिक डिप्लोमा हा एका वर्षाचा कोर्स आहे. क्रिटिकल केअर, कर्करोग, नवजात बालक, ऑपरेशन थिएटर, मनोविकार असे विषय त्यात मिळतात. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स भारतीय परिचर्या परिषदेने आणलाय. प्रसूतिविद्येत तसाच १८ महिन्यांचा कोर्स आहे, आणि २०१८ मध्ये केंद्राने मिडवायफरीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्यापासून त्या बाजूला मागणी वाढतेय. संसर्ग नियंत्रण नर्स, डायलिसिस, कॅथलॅब, स्टोमा केअर, अवयव प्रत्यारोपण समन्वयक ही कामंही आता मोठ्या रुग्णालयांत स्वतंत्र पदं म्हणून दिसतात.

शिक्षणाचा सरळ हिशेब असा: जीएनएम झालेल्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षं, मग एम.एस्सी. आणखी दोन वर्षं. एम.एस्सी.ला एक वर्षाचा अनुभव लागतो. कॉलेज निवडताना ते परिषदेच्या मान्यता यादीत आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे ना, एवढं आधी बघा. ‘यायची गरज नाही, हजेरी आम्ही लावतो’ असं सांगणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नका. ती पदवी पुढे तपासणीत अडकली तर वर्षंही गेली आणि पैसेही.

समाजातल्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण याकडे शहरातल्या नर्सेस फारशा बघत नाहीत. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं. बी.एस्सी. नर्सिंग झालेले यात मोठ्या संख्येने आहेत. सपाट भागात साधारण पाच हजार, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि आशाताई असा गट तुमच्यासोबत असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी, ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला, औषधांचा साठा, गावच्या समितीच्या बैठका हे सगळं तुमच्या हातात. पद कंत्राटी आहे आणि मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर ठरतो, हे आधी समजून घ्या. पण पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी एका गटाचं नेतृत्व करायला शिकायचं असेल तर वॉर्डात अशी संधी क्वचितच मिळते.

परदेशाचं थोडक्यात. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेस आहेत. जर्मनीसाठी भाषा हाच मोठा भाग. बी-वन, बी-टू पातळीपर्यंत पोचायला सलग अभ्यास लागतो, तेव्हा एजंट शोधायच्या आधी भाषेच्या वर्गाला जा. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही हातात देऊ नका.

ओव्हर नीट द्यायला शिका

तुमची वॉर्डातली पत सगळ्यात आधी ठरते ती ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती देताना. ‘बेड पाच, चांगलाय. बेड सहा, सलाईन चालू आहे’ हा ओव्हर नव्हे. जगभर यासाठी एक पाच टप्प्यांची पद्धत वापरतात: आपण कोण आणि रुग्ण कोण, आत्ता काय चाललंय, मागची पार्श्वभूमी, आपलं मूल्यमापन, आणि पुढे काय करायचं. ही अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आली, म्हणून ती थोडी कडक वाटते. मराठी वॉर्डात ती सहज बसते.

सगळ्यात जास्त उपयोग रात्रीच्या फोनला. समजा, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड आहे, रात्रीचे अडीच वाजलेत, पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस आहे. रेसिडेंट डॉक्टरला फोन असा करा:

‘सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड बारा, काल दुपारी लॅपरोटॉमी झालीय. पल्स १२४, बीपी ९०/६०, श्वास २६. दोन तासांत लघवी फक्त २० एमएल. ड्रेनमध्ये लाल रक्त आलंय, २५० एमएल. मला आतून रक्तस्राव होतोय असं वाटतंय. तुम्ही लगेच येऊन बघा. तोवर मी ऑक्सिजन लावते, दुसरी व्हेन घेते आणि ब्लड बँकेला कळवून ठेवते. आणखी काही करू?’

यात दोन वाक्यं नीट बघा. ‘मला असं वाटतंय’ आणि ‘तुम्ही लगेच येऊन बघा’. आपल्याकडे नर्स आकडे सांगते आणि थांबते; निष्कर्ष डॉक्टरांनी काढायचा अशी शिकवण आपल्या अंगात मुरलेली आहे. निदान डॉक्टर करतील, हे खरं. पण धोका ओळखून तो स्पष्ट बोलून दाखवणं हे आपलं काम आहे. ते केलं नाही तर अर्धवट झोपेतला माणूस ‘एनएस (नॉर्मल सलाईन) चालू ठेवा, सकाळी बघतो’ म्हणतो.

पाठीशी आकडा असला की बोलायला बळ येतं. त्यासाठी न्यूज-टू हा गुणांचा तक्ता पाठ करा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये तो सुधारून काढला. श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, तो बाहेरून द्यावा लागतोय का, बीपी, पल्स, रुग्ण किती शुद्धीत आहे आणि ताप यांना गुण द्यायचे. एकूण ५ ते ६ आले तर तातडीने डॉक्टरांनी बघायचं, ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. वरच्या रुग्णाचा हिशेब करू: श्वास २६ चे ३, पल्स १२४ चे २, वरचं बीपी ९० चे ३. बाकीचं न मोजताच आठ झाले. ‘सर, न्यूज आठ आहे’ हे वाक्य फोनवर बोललात आणि वेळेसकट नर्सिंग नोट्समध्ये लिहिलंत की पुढचा प्रश्न उरत नाही. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर रजिस्ट्रारला, मग कन्सल्टंटला फोन. तोंडी ऑर्डर मिळाली तर लिहून परत वाचून दाखवा आणि सकाळी सही घ्या.

ज्यांच्याकडे संगणकावर नोंदी सुरू झाल्यात त्यांच्यासाठी एक इशारा. मागच्या पाळीची नोंद कॉपी करून पेस्ट करायची सोय फार घातक आहे. काल काढलेलं कॅथेटर आज, उद्या, परवाही नोंदीत ‘चालू’ राहतं. कोर्टात किंवा चौकशीत अशी एक ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

एक गोष्ट निवडा आणि मोजा

माझ्या मते ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. वॉर्डातली एकच त्रासदायक गोष्ट घ्या. सगळं सुधारायला जाऊ नका. उदाहरण म्हणून कॅन्युलाच्या, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घातलेल्या नळीच्या, जागी येणारी सूज घेऊ, म्हणजे फ्लेबायटिस. रुग्णाला दुखतं, पुन्हा टोचावं लागतं, नातेवाईक चिडतात, अँटिबायोटिकचा डोस उशिरा जातो. आणि हे जवळजवळ पूर्णपणे नर्सच्या हातातलं आहे.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त बघा. रोज एका ठरलेल्या वेळी वॉर्डातली प्रत्येक कॅन्युला तपासा आणि तिला व्हीआयपी गुण, म्हणजे फ्लेबायटिस मोजायचे गुण, द्या. जागा निरोगी असेल तर ०. थोडं दुखतंय किंवा किंचित लाली, १. दुखणं, लाली, सूज यांतलं कोणतंही दोन, २. दोनला कॅन्युला काढायची, हा नियम. वहीत आखून ठेवा: बेड, हाताची जागा, किती नंबरची कॅन्युला, कधी घातली, कोणती औषधं जातायत, गुण. आठवड्याच्या शेवटी भागाकार करा. समजा चाळीस कॅन्युलांपैकी सहांना दोन किंवा जास्त गुण आले, तर दर १५ टक्के. हा दर ५ टक्क्यांच्या आत असावा असं साधारण मानलं जातं.

आता वही वाचा. बहुतेक वेळा कारण त्यातच दिसतं. मनगटावर किंवा कोपराच्या वाकात घातलेल्या कॅन्युला जास्त सुजतात, कारण हात हलला की नळी आतून घासते. पोटॅशियम, व्हॅन्कोमायसिन, अमिओडॅरोन ही औषधं शिरेला जाळतात. इंजेक्शन दिल्यावर एनएसने फ्लश केलेलं, म्हणजे नळी धुतलेली, नसते. चिकटपट्टी ओली होऊन सुटलेली असते आणि तिच्यावर तारीख नसते. मोठी शीर दिसली म्हणून गरज नसताना जाड १८ नंबर घातलेली असते.

दुसऱ्या आठवड्यापासून दोनच बदल करा. समजा हे ठरवलं: जमेल तिथे कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागावर २० किंवा २२ नंबर, आणि प्रत्येक इंजेक्शनच्या आधी हब (कॅन्युलाचं बाहेरचं तोंड) स्पिरिट स्वॅबने पंधरा सेकंद चोळायचा, आधी-नंतर एनएसने फ्लश करायचं. ट्रॉलीवर भरलेल्या फ्लशच्या सिरिंज लेबल लावून ठेवल्या तरच हे होतं; नाहीतर गर्दीच्या वेळी पहिलं हेच गळतं. महिनाभराने पुन्हा तसंच मोजा.

मग एक पानाचा अहवाल लिहा. आधी किती, काय बदललं, नंतर किती, आता काय हवंय. इन्चार्जच्या सहीने मेट्रनकडे, म्हणजे अधिसेविकेकडे, पाठवा. ज्युनियर्सची नावं त्यात घाला. एनएबीएचच्या तपासणीला किंवा सरकारी रुग्णालयात कायाकल्प, लक्ष्य अशा मूल्यांकनाला असे कागद नेहमी मागितले जातात आणि ऐन वेळी कोणाकडे नसतात. दर सुधारला नाही तरी अहवाल द्या. ‘हे केलं, फरक पडला नाही, आता हे करून बघतो’ असं लिहिणाऱ्या नर्सवर वरिष्ठ जास्त भरवसा ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

याच पद्धतीने बेडसोर, पडणं, कॅथेटरमुळे होणारा लघवीचा संसर्ग, हात धुण्याचं प्रमाण, काहीही मोजता येतं.

ज्युनियरला शिकवा

नव्या मुलीला ‘कॉलेजात काय शिकलीस?’ असं सगळ्यांसमोर विचारणं आपल्या वॉर्डांमधून हद्दपार व्हायला हवं. ती त्या दिवशी गप्प बसते आणि पुढे शंका असूनही विचारत नाही. चुकीचा डोस जातो तो अशाच न विचारलेल्या शंकेतून.

ओव्हर झाल्यावर दहा मिनिटं पुरतात. आज इन्सुलिनच्या सिरिंजचे ४० आणि १०० युनिटचे प्रकार आणि त्यांतला गोंधळ, उद्या पोटॅशियम कधीही सरळ का द्यायचं नाही, परवा रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळ का थांबायचं. क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली, उघडून प्रत्येक औषध कुठल्या खणात आहे ते डोळे मिटून सांगायला लावा. कोणी चूक केली तर आधी रुग्ण सुरक्षित करा, मग कळवा, मग एकांतात बोला. घटनेचा फॉर्म भरणाऱ्या मुलीला शिक्षा झाली की पुढचा फॉर्म कोणी भरत नाही.

मावशी आणि मामांनाही यात घ्या. रुग्णाला कूस बदलून देणारे, पाठ बघणारे हात त्यांचे असतात. पाठीवर लाल चट्टा दिसला तर लगेच सांगायचं, एवढं एका मावशीला शिकवलं आणि तिने सांगितल्यावर तिचं नाव घेऊन कौतुक केलं, तर बेडसोरचं निम्मं काम झालं.

पैसा, सुरक्षा, कायदा

पगाराबद्दल बोलायला आपण लाजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या होत्या: २०० पेक्षा जास्त खाटांना राज्य सरकारी नर्सइतकाच पगार, १०० च्या वर खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. या शिफारशी आहेत, त्यामुळे त्या दाखवल्या की पगार वाढेल असं नाही. पण वाटाघाटीला बसताना हे आकडे आणि तुमची ती अहवालांची फाइल, दोन्ही सोबत असू द्या. एकट्याने जमत नसेल तर संघटनेत जा. टीएनएआय ही नर्सेसची देशपातळीवरची संघटना १९०८ पासून आहे, सरकारी नर्सेसच्या राज्यपातळीवरच्या संघटना आहेत.

नातेवाइकांनी हात उगारला तर ‘जाऊ दे’ म्हणू नका. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे, आणि त्यात नर्सेस येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे; तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. घटना घडताच वेळ, साक्षीदार, नेमके शब्द लिहून काढा आणि तक्रार रुग्णालयामार्फत करायला लावा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. समितीला योग्य कारण वाटलं तर आणखी तीन महिने मिळतात. समितीतल्या सदस्यांची नावं वॉर्डात लावलेली आहेत का ते आजच बघा.

इन्चार्ज झाल्यावरचे पहिले तीन महिने

चार्ज घेताना डेड स्टॉक, म्हणजे वॉर्डातली यंत्रं आणि टिकाऊ सामान, स्वतः मोजा. रजिस्टरवर दहा सक्शन मशिन आणि वॉर्डात सात, असा चार्ज सही करून घेतलात की ती तीन तुमच्या नावावर चढली. नार्कोटिकचं रजिस्टर, ऑक्सिजन सिलिंडर, क्रॅश कार्टमधल्या औषधांच्या मुदती पहिल्याच आठवड्यात तपासा. बाकी बदल महिनाभर थांबवा आणि माणसं ओळखा.

खरी परीक्षा ड्युटी लावण्यात. शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या जनरल वॉर्डला परिषदेचा निकष तीन खाटांमागे एक नर्स असा आहे, आणि वर ३० टक्के रजा-राखीव. म्हणजे तीस खाटांना दहा अधिक तीन, तेरा जणी. आठवड्याला प्रत्येकी सहा ड्युट्या धरल्या तर ७८. सातने भागलं की दिवसाला अकरा. त्यातून रजा, आजारपण, नाईट ऑफ वजा केले की मॉर्निंगला चार, इव्हिनिंगला तीन, नाईटला दोन असं जेमतेम बसतं. प्रत्यक्षात तुमच्याकडे तेरा असतील का, हे तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून दर पाळीला एक ओळ लिहायची पद्धत सुरू करा: रुग्ण किती, त्यांतले पूर्ण परावलंबी किती, अर्धे परावलंबी किती, नर्स किती. महिन्याने ते पान मेट्रनसमोर ठेवा. ‘स्टाफ कमी पडतो’ हे वाक्य सगळेच बोलतात. ‘या महिन्यात बावीस नाईटला तीस रुग्णांना एकच नर्स होती आणि त्यांतल्या पाच नाईटला पडण्याच्या घटना झाल्या’ अशा वाक्याला उत्तर द्यावंच लागतं. लगेच माणसं मिळतील असं नाही, पण मागणी नोंदीवर येते आणि पुढच्या वेळी तुम्ही त्याच कागदाचा दाखला देता.

ड्युटी लावताना काही गोष्टी पाळा. आठवडाभर आधी लावा. विनंतीची वही सगळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवा, म्हणजे गणपतीत कोणाला सुट्टी मिळाली आणि का, हे कुजबुजायची वेळ येत नाही. दोन नव्या मुली एकत्र नाईटला नकोत. इव्हिनिंग संपवून जी शेवटची लोकल किंवा एसटी पकडते तिला दुसऱ्या दिवशी मॉर्निंग नको. तुमच्या मैत्रिणीलाही इतरांइतक्याच नाईट.

कोणी सतत उशिरा येत असेल तर त्याच दिवशी ओरडू नका आणि महिनोन्‌महिने सहनही करू नका. खोलीत बोलवा. ‘गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा ओव्हरला उशीर झाला. घरी काही अडचण आहे का? सोमवारपासून कसं जमवायचं ते ठरवू.’ पुष्कळदा कारण मुलांच्या शाळेचं किंवा सासूच्या आजारपणाचं असतं आणि पाळी बदलून सुटतं. सुटलं नाही तर दुसऱ्या वेळी लेखी द्या.

राऊंडला तुम्ही डॉक्टरांच्या मागे फाइल धरून चालणार की रुग्णाबद्दल बोलणार, हेही याच तीन महिन्यांत ठरतं. राऊंडच्या आधी अर्धा तास तुमचा स्वतःचा राऊंड घ्या. प्रत्येक गंभीर रुग्णाबद्दल एक मुद्दा तयार ठेवा: कॅथेटर काढता येईल का, वेदना कमी होत नाहीये, घरी न्यायला माणूस नाही. ‘सर, बेड आठचं कॅथेटर आज चौथा दिवस. काढूया का?’ असा प्रश्न रोज ऐकू यायला लागला की हळूहळू राऊंडच तुमच्याकडे बघून पुढे सरकतो.

आणि पहिल्या दिवसापासून तुमच्यानंतरची इन्चार्ज तयार करा. तुम्ही रजेवर असताना ड्युटी लावणं, इंडेंट (सामानाची मागणी) करणं, सुपरवायझरच्या बैठकीला जाणं हे आळीपाळीने दोघी-तिघींना द्या, आणि परत आल्यावर त्यांनी केलेलं उलटवू नका. बदलीचा आदेश कधीही येतो. त्या वेळी डेड स्टॉकची यादी, चालू मोजणीच्या वह्या, दुरुस्तीला गेलेल्या यंत्रांच्या पावत्या आणि नव्या मुलींपैकी कोणाला अजून काय शिकवायचं राहिलंय याची नोंद, एवढं पुढच्या इन्चार्जच्या हातात द्या आणि सही घ्या.